दात कशाला म्हणायचे? प्राणी, वनस्पती आणि वैद्यकातील दातांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दातांविषयीचे प्रश्न तीन दिशांनी येतात. पालक आणि रुग्ण दवाखान्यातल्या दातांविषयी विचारतात, शेतकरी आणि निसर्गप्रेमी जनावरांच्या दातांविषयी, तर वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी पानांच्या दातांविषयी. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दात म्हणजे नेमके काय? टोकदार आणि कठीण असले की त्याला दात म्हणायचे का?

प्राणिशास्त्राच्या काटेकोर अर्थाने दात हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत आढळणारा एक विशिष्ट अवयव आहे. त्याच्या मध्यभागी रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गाभा असतो, गाभ्याभोवती डेंटिन नावाच्या कठीण पदार्थाची भिंत असते आणि बहुतेक दातांत त्यावर इनॅमलचे किंवा तत्सम पदार्थाचे आणखी कठीण आवरण असते. ही घडण असेल तर तो दात, मग तो जबड्यात असो वा कातडीवर (प्रश्न १५). व्यवहारात मात्र आपण केवळ आकारावरूनही दात म्हणतो, जसे पानाच्या कडेचे दात किंवा मानेच्या मणक्यावरचा सुळका. आणि केवळ कामावरूनही म्हणतो, जसे गोगलगायीचे दात. आमच्याकडे येणारा बहुतेक गोंधळ घडण, आकार आणि काम या तीन कसोट्यांची सरमिसळ झाल्याने निर्माण होतो. म्हणून कोणत्याही 'दाता'विषयी पहिला प्रश्न हाच विचारावा की त्याला दात कोणत्या कसोटीवर म्हटले आहे.

२. दात हे हाड आहे का? मग शरीरातल्या २०६ हाडांत दात का मोजत नाहीत?

दात हे हाड नाही. हाड ही सतत झिजणारी आणि सतत नव्याने भरली जाणारी जिवंत ऊती आहे, त्यामुळे मोडलेले हाड सांधले जाते. दाताचे इनॅमल तयार करणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून बाहेर येईपर्यंतच टिकतात, आणि त्यानंतर गेलेले इनॅमल शरीराला पुन्हा तयार करता येत नाही. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेले हे आवरण मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. हाडात खनिजाचे प्रमाण याहून बरेच कमी असते.

आयुर्वेदाचे विद्यार्थी येथे हमखास शंका काढतात, आणि ती रास्त आहे. चरकसंहितेत अस्थींची संख्या ३६० सांगितली आहे आणि तीत ३२ दात, दातांची ३२ उखळे, इतकेच नव्हे तर २० नखेही धरली आहेत. सुश्रुतसंहितेत ३०० अस्थी असून त्यांच्या पाच प्रकारांपैकी 'रुचक' हा प्रकार दातांचा आहे. तेथे अस्थी म्हणजे शरीरातील कठीण भाग असा व्यापक अर्थ आहे. दोन्ही गणनांची कसोटी वेगळी असल्यामुळे एकीवरून दुसरीला चूक ठरवता येत नाही.

३. कायमचे दात ३२ असतात असे शाळेत शिकवले, पण माझ्या तोंडात २८च आहेत. काही बिघडले आहे का?

बहुधा काहीही बिघडलेले नाही. प्रत्येक जबड्यात चार पटाशीचे दात, दोन सुळे, चार उपदाढा आणि सहा दाढा असा ३२चा हिशेब होतो. त्यांपैकी शेवटच्या चार अक्कलदाढा साधारणपणे सतराव्या वर्षानंतर येतात, अनेकांत हाडाखाली अडकून राहतात आणि काहींत तयारच होत नाहीत. अडकलेली दाढ दुखत नसेल, शेजारच्या दाढेला धक्का देत नसेल आणि तेथे वारंवार सूज येत नसेल, तर ती काढायची की नाही याचा निर्णय एक्स-रे पाहून दंतवैद्य घेतात. केवळ ती आहे म्हणून काढलीच पाहिजे असे नाही.

४. बाळाचे वरचे दात आधी आले तर मामाला जड जाते असे घरात म्हणतात. आणि एखाद्या बाळाला जन्मतःच दात असेल तर?

मामाला काहीही होत नाही. बहुतेक बाळांत साधारण सहाव्या महिन्यात खालचे मधले दोन दात प्रथम येतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात पूर्ण होतात. या क्रमात फरक पडणे हे नैसर्गिक आहे. जन्मतःच असलेला दात बहुतेक वेळा जादा नसून दुधाचाच दात लवकर आलेला असतो. तो फार हलत असेल तर निसटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, किंवा दूध पिताना आईला इजा होते. म्हणून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, घरी ओढून काढू नये. दात येताना बाळ चिडचिडे होते आणि लाळ गाळते हे खरे. परंतु तीव्र ताप किंवा जुलाब दातांमुळे आहेत असे समजून अंगावर काढू नयेत.

याच ठिकाणी एक उपयुक्त सूचना करावीशी वाटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी दाढ येते, ती एकही दुधाचा दात न पडता येते. त्यामुळे पालक तिला दुधाची समजतात आणि ती किडली तरी 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. ती कायमची असते.

५. दाताला कीड लागते म्हणजे आत खरोखर किडा असतो का?

नसतो. तोंडातले जीवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात. दातालगतच्या लाळेचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिज विरघळू लागते. लाळ हे खनिज काही प्रमाणात परत भरून काढते. परंतु दिवसभर थोडेथोडे गोड खाणाऱ्याला ती सवड मिळत नाही. म्हणून एकदाच भरपूर गोड खाण्यापेक्षा वारंवार चघळणे दातांना अधिक बाधते. बियांची धुरी देऊन दातातले 'किडे' काढून दाखवणारे लोक अजूनही भेटतात, पण तो किडा दातातून आलेला नसतो.

६. आमच्या गावात लहानथोर सगळ्यांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे आहेत. ब्रश करूनही का जात नाहीत?

ही बहुधा फ्लोरोसिसची लक्षणे आहेत. दात हिरडीखाली घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतील वयात, पिण्याच्या पाण्यातून फ्लोराइड जास्त गेले तर इनॅमलची घडणच सदोष होते. डाग वरून बसलेला नसल्याने तो घासून निघत नाही. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात ही समस्या आढळली आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही इष्ट मर्यादा असून पर्यायी स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. अल्प प्रमाणात हाच घटक इनॅमलला आम्लापासून वाचवतो (प्रश्न ५), म्हणूनच तो टूथपेस्टमध्ये घालतात. मोठ्या माणसाने आता पाणी बदलले तर त्याचे डाग जाणार नाहीत, परंतु त्याच घरातील लहान मुलांचे दात आणि सर्वांची हाडे वाचतील. पाणी उकळल्याने फ्लोराइड निघून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

७. खेळताना मुलाचा दात मुळासकट पडला. तो परत बसवता येतो का?

कायमचा दात असेल तर येतो, मात्र वेळ फार थोडा असतो. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये आणि ते घासू नये. माती लागली असेल तर क्षणभर धुऊन शक्य झाल्यास तो लगेच जागेवर बसवावा. नाही तर थंड दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. साध्या पाण्यात किंवा कोरड्या रुमालात ठेवल्यास मुळावरच्या पेशी मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, कारण त्याखाली घडत असलेल्या कायमच्या दाताला त्यामुळे इजा होऊ शकते.

८. माणसाला तिसऱ्यांदा दात का येत नाहीत?

मगर, मुशी (शार्क) आणि साप यांच्या जबड्यात नवे दात आयुष्यभर तयार होत राहतात. सस्तन प्राण्यांनी मात्र वरचे आणि खालचे दात एकमेकांत अचूक बसण्याची सोय केली, आणि सतत बदलणाऱ्या दातांना ती अचूकता साधत नाही. जन्मतः दातांचे बीजच नसलेल्या रुग्णांसाठी एका प्रथिनाला अडवून दात उगवण्यास प्रवृत्त करणाऱ्या औषधाची मानवी चाचणी जपानमधील क्योतो येथे २०२४ मध्ये सुरू झाली. हे औषध अद्याप उपचार म्हणून उपलब्ध नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर चांगले दात काढून टाकू नयेत.

९. नवीन गाय घेतली, तिला समोर वरचे दातच नाहीत. व्यापाऱ्याने फसवले का?

नाही. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या वरच्या जबड्यात समोर दात कधीच नसतात. त्या जागी हिरडीची टणक गादी असते. खाली समोर आठ दात असतात आणि त्यांतील कडेचे दोन मुळात सुळे असून त्यांनी पटाशीच्या दातांचा आकार घेतला आहे. गाय जिभेने गवताचा झुपका आत ओढते, खालच्या दातांनी तो गादीवर दाबते आणि मानेच्या हिसक्याने तोडते. खरे दळणकाम मागच्या दाढांवर होते. गवतात सिलिका असल्यामुळे दाढा झिजतात, म्हणूनच चरणाऱ्या जनावरांच्या दाढा उंच असतात आणि झिजतील तशा वर सरकत राहतात. जाता जाता नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की गाईचेही दुधाचे दात २० आणि कायमचे ३२ असतात. आकडे माणसाचेच, मांडणी मात्र सर्वस्वी निराळी.

१०. बैलाचे वय दातांवरून कसे ओळखतात? 'आदत', 'दुसा', 'चौसा' म्हणजे काय?

खालच्या जबड्यातील समोरचे दुधाचे दात जोडीजोडीने पडून त्यांच्या जागी रुंद, कायमचे दात येतात, आणि बाजारातली सगळी परिभाषा या जोड्यांवर उभी आहे. एकही जोडी बदललेली नसेल तो आदत. पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत आली की दुसा. तिसऱ्या वर्षाच्या आसपास चार दात झाले की चौसा. पुढे सहा दाती. आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत आठही दात आले की जनावर जुळले असे म्हणतात. शर्यतीच्या मैदानातील आदत किंवा दुसा गटही याच हिशेबाने ठरतात. म्हशीत हे टप्पे काहीसे उशिरा येतात. शेळीत बरेच लवकर, म्हणजे पहिली जोडी सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास येते.

जात, खुराक आणि आरोग्य यांनुसार या काळात काही महिन्यांचा फरक पडतो. जनावर जुळल्यानंतर केवळ झीज आणि दातांमधील फटी पाहून अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज सहज चुकतो. खडकाळ, विरळ माळावर चरलेले जनावर आहे त्यापेक्षा म्हातारे दिसते, तर गव्हाणीत मऊ चाऱ्यावर वाढलेले तरुण दिसते. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असे म्हणतात ते ठीकच आहे, पण विकतच्या गाईचे अवश्य मोजावेत.

११. हत्तीचे सुळे म्हणजे खरेच सुळे का? हत्ती न मारता ते काढता येतात का? घरातल्या जुन्या हस्तिदंती वस्तूचे काय करावे?

शरीररचनेच्या दृष्टीने हत्तीचे सुळे हे वरच्या जबड्यातील वाढलेले पटाशीचे दात आहेत. रानडुकराचे आणि वॉलरसचे मात्र खरोखरच सुळे असतात. नारव्हेल या देवमाशाच्या नराचे लांब, पिळदार 'शिंग' हाही वरचा डावा सुळाच आहे. आशियाई हत्तिणीला बाहेर दिसणारे दात बहुधा नसतात आणि काही नरांनाही ते नसतात. अशा नराला मखना म्हणतात.

हत्तीच्या दाताचा साधारण एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो आणि गाभ्यातील नसा बाहेरच्या भागातही काही अंतरापर्यंत जातात. पाळीव हत्तीच्या दाताचे टोक पशुवैद्य कापू शकतात, परंतु पूर्ण दात जिवंत प्राण्याला यातना न देता काढता येत नाही. चोरटे शिकारी म्हणूनच हत्तीला मारतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. घरातील जुन्या वस्तूसाठी मालकीचे प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्र असले तरी ती विकता येत नाही. खात्री नसल्यास वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.

हत्तीच्या दाढांविषयी फारसे कोणी विचारत नाही, पण त्या दातांपेक्षाही विलक्षण आहेत. नवी दाढ खालून न येता मागून पुढे सरकत येते आणि आयुष्यात असे सहा संच होतात. शेवटचा संच झिजला की म्हाताऱ्या हत्तीला चारा चावता येत नाही.

१२. उंदीर आणि घुशी भूक नसतानाही का कुरतडतात? ससा त्यांच्यातलाच का?

उंदीर, घूस, खार आणि साळिंदर यांचे समोरचे चार दात आयुष्यभर वाढतात. इनॅमल फक्त पुढच्या बाजूला असल्याने मागची बाजू अधिक झिजते आणि धार आपोआप टिकते. अनेक जातींत इनॅमलमधील लोहामुळे हे दात नारिंगी दिसतात. कुरतडणे थांबले किंवा दात एकमेकांवर नीट बसेनासे झाले तर ते वाढत जाऊन तोंड मिटणेही अवघड होते. ससा या गटात येत नाही. त्याच्या वरच्या दोन मोठ्या दातांमागे दोन लहान दात दडलेले असतात, आणि त्याच्या दाढाही सतत वाढतात. म्हणून पाळलेल्या सशाला गाजरापेक्षा गवताची गरज अधिक असते.

१३. साप चावला पण दोन दातांच्या खुणा दिसत नाहीत. तो बिनविषारी समजावा का?

मुळीच समजू नये. विषदंत हे विष वाहून नेण्यासाठी पन्हळ किंवा पोकळ नळी असलेले दात होत. घोणस आणि फुरसे यांचे विषदंत लांब असून तोंड मिटल्यावर टाळूकडे दुमडतात, तर नाग आणि मण्यार यांचे आखूड आणि न दुमडणारे असतात. मण्यारीच्या दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही आणि फारशी दुखतही नाही. झोपेत दंश झालेल्या माणसाला नंतर पापण्या जड होणे किंवा श्वास लागणे यावरूनच संशय येतो. उलट कधी एकच खूण असते, कधी ओरखडा असतो. धामणीसारख्या बिनविषारी सापाच्या चाव्यात बारीक दातांच्या ओळी उमटतात हे खरे, पण त्यावरून घरी निदान करू नये. हरणटोळ आणि मांजऱ्या या सापांचे विषदंत जबड्यात मागे असतात आणि त्यांचे विष माणसासाठी सौम्य असते.

दंश झालेला अवयव हलू देऊ नये, आवळपट्टी बांधू नये, जखम चिरू वा चोखू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. भारतात वापरली जाणारी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. 'दात काढलेला नाग' सुरक्षित असतो हाही भ्रम आहे, कारण तुटलेल्या विषदंताच्या मागे पर्यायी दात तयारच असतो (प्रश्न ८).

विदर्भात नोंदल्या गेलेल्या अंडीखाऊ सापाची तऱ्हा याच्या उलट आहे. त्याच्या तोंडातील दात अगदी क्षीण असतात आणि पाठीच्या मणक्यांची अन्ननलिकेत उतरलेली टोके अंड्याचे कवच फोडतात. काम दाताचे, पण घडण मणक्याची.

१४. कोंबडीला दात नसतात, मग पिल्लाच्या चोचीवरचा पांढरा दात कसला?

तो अंडदंत होय. चोचीच्या टोकावर आलेला हा कठीण शिंगमय उंचवटा असून त्याने पिल्लू एकविसाव्या दिवसाच्या सुमारास कवच फोडते. काही दिवसांत तो गळून पडतो. घडणीच्या कसोटीवर तो दात नाही. मगर आणि कासव यांचाही अंडदंत असाच शिंगमय असतो. गंमत अशी की साप आणि सरडे यांच्या पिल्लांत हेच काम डेंटिनचा अस्सल दात करतो, आणि भिंतीवरच्या पालीच्या पिल्लाला तर असे दोन असतात. मोठेपणी कोंबडी दाणे दळण्याचे काम पोटातील स्नायुमय पेषणी आणि गिळलेले खडे यांवर सोपवते. कोकणात आढळणाऱ्या खवले मांजरालाही एकही दात नसतो. तेही मुंग्या-वाळव्या गिळून पोटातच दळते.

१५. मुशीच्या कातडीवर दात असतात हे खरे का?

खरे आहे, आणि ही केवळ उपमा नाही. मुशी आणि पाकट यांच्या कातडीवरील सूक्ष्म खवल्यांत गाभा, डेंटिन आणि इनॅमलसदृश आवरण असे तीनही थर असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर कातडी गुळगुळीत लागते आणि उलट फिरवला तर खरखरीत. वाळवलेली कातडी पूर्वी लाकूड घासण्यासाठी वापरत. करवत माशाच्या लांब सोंडेवरचे 'दात' हेही अशाच खवल्यांचे रूप आहे. ते तोंडात नसतात आणि चावण्यासाठी नसून भक्ष्याला सपकारे मारून जखमी करण्यासाठी असतात. हा मासा भारतात संरक्षित आहे. जाळ्यात आल्यास सोडून द्यावा.

१६. गोगलगाय, जळू आणि डास यांना दात असतात का?

घडणीने नाही, कामाने होय. गोगलगायीच्या तोंडात बारीक दातेरी पट्टी असते आणि तिने ती पाने खरवडते. समुद्रकाठच्या खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या लिंपेट या शंखवर्गीय प्राण्याचे असे दात गोथाइट या लोहखनिजाचे असतात. त्यांची ताणशक्ती कोणत्याही ज्ञात जैविक पदार्थापेक्षा अधिक असल्याचे २०१५ मध्ये ब्रिटनमधील पोर्टस्मथ विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. औषधी जळवेला तीन जबडे असून प्रत्येकावर सूक्ष्म दात्यांची रांग असते, म्हणून तिची जखम तीन फाट्यांची दिसते. डासाची मादी चावत नाही, टोचते; तिच्या सोंडेतील सहा सुयांपैकी दोन दातेरी असतात.

१७. पानांचे दात किती प्रकारचे असतात? 'दंतुर' आणि 'करवती' यांत फरक काय?

दाताची दिशा पाहावी. दात सरळ बाहेरच्या बाजूला रोखलेले असतील तर कड दंतुर, पानाच्या टोकाकडे झुकलेले असतील तर करवती, आणि टोकदार नसून गोलसर असतील तर गोलदंती. गुलाब आणि कडुनिंब यांच्या पर्णिका करवती आहेत, पानफुटीचे पान गोलदंती आहे आणि तिच्या खाचांमध्येच नवी रोपे फुटतात. आंबा, फणस, जांभूळ आणि वड यांची कड अखंड असते. परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या नमुन्यांत हा फरक स्पष्ट असतो. रानात गेल्यावर मात्र एकाच झाडावर दोन्हींच्या मधली पाने सापडतात, आणि अशा वेळी बहुसंख्य पानांवरून वर्णन लिहावे.

ऊसतोड मजुरांच्या हातांवर ओरखडे काढणारे दात यांहून वेगळे असतात. ऊस आणि इतर गवतांच्या पात्यांच्या कडेला सिलिकाने कठीण झालेले सूक्ष्म काटे असतात. ते डोळ्यांना क्वचितच दिसतात, पण कातडीला नेमके कळतात.

१८. पानांना दात असण्याचा झाडाला काय उपयोग?

अनेक वनस्पतींत दाताच्या टोकाशी शीर येऊन मिळते आणि तेथे जलरंध्र असते. रात्री मुळांनी शोषलेले जास्तीचे पाणी त्यातून थेंबाथेंबाने बाहेर पडते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडेला सकाळी ओळीने दिसणारे थेंब हे पुष्कळदा दव नसून हेच पाणी असते.

दुसरा दुवा हवामानाशी आहे. आयर्व्हिंग बेली आणि एडमंड सिनॉट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१५ मध्ये दाखवले की द्विदल वृक्ष-झुडपांपैकी दातेरी पानांच्या जातींचे प्रमाण थंड प्रदेशांत अधिक आणि उष्ण प्रदेशांत कमी असते. सह्याद्रीच्या सदाहरित रानात अखंड कडांची पाने बहुसंख्य दिसतात ती याच नियमाला धरून. जीवाश्म पानांच्या कडा मोजून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तापमानाचा अंदाज बांधण्याची पद्धत यातूनच निघाली. हा नियम मोठ्या संख्येच्या सरासरीला लागू पडतो. एका झाडाच्या पानावरून हवामान सांगता येत नाही.

१९. मॉसच्या बीजाणुकोषालाही दात असतात असे वाचले. ते कशासाठी?

कोषाचे झाकण पडल्यावर तोंडाभोवती दात्यांचे कडे दिसते. त्यांची संख्या बहुधा चारच्या पटीत, पुष्कळदा १६ असते. हवेतील ओलाव्यानुसार हे दाते वाकतात आणि उलगडतात, व बीजाणू एकदम न सांडता थोडेथोडे बाहेर पडतात. अनेक जातींत कोरड्या हवेत ते उघडतात. भिंगाखाली वाळलेल्या कोषावर हळूच फुंकर घातली तर ही हालचाल प्रत्यक्ष पाहता येते.

२०. दंती आणि वज्रदंती यांपैकी दातांसाठी कोणती वनस्पती वापरावी?

या दोन वनस्पतींची गल्लत धोकादायक आहे. वज्रदंती म्हणजे पिवळी कोरांटी. ती परंपरेने दात-हिरड्यांसाठी वापरली जाते. दंती ही एरंडाच्या कुळातील असून तिचे मूळ आणि बी तीव्र रेचक आहे. वैद्याच्या देखरेखीशिवाय तिला हात लावू नये.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावून दात घासायला हरकत नाही, फक्त हिरड्या सोलवटतील इतके जोरात घासू नये. भाजलेल्या तंबाखूची मशेरी मात्र दंतमंजन नव्हे. ती तंबाखूच आहे, तिचे व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दात दुखायचे थांबले म्हणून ती लावू लागलेल्या आणि पुढे सोडू न शकलेल्या स्त्रिया आपल्याकडे खेडोपाडी आहेत, आणि घरातील मोठी माणसेच ती लहान मुलींच्या हाती देतात ही त्यातली सर्वांत खेदाची बाब आहे.

२१. मानेला मार लागला, तर डॉक्टरांनी तोंड उघडायला लावून एक्स-रे काढला. अहवालात 'ओडोंटॉइड' असा शब्द आहे. दाताचा काय संबंध?

तोंडातल्या दाताशी संबंध नाही. मानेच्या दुसऱ्या मणक्यावर दातासारखा एक हाडाचा सुळका असतो, त्यालाच ओडोंटॉइड म्हणतात. तो पहिल्या मणक्याच्या कड्यात बसतो आणि त्याभोवती आपले डोके डावी-उजवीकडे वळते. मानेच्या वळण्यापैकी साधारण निम्मे काम याच सांध्यात होते. समोरून एक्स-रे काढताना जबडा आड येतो, म्हणून उघड्या तोंडातून किरण सोडतात.

या सुळक्याच्या लगेच मागे मज्जारज्जू असल्याने त्याचे मोडणे गंभीर असते. पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखत असेल तर रुग्णाची मान न हलवता त्याला रुग्णालयात न्यावे. संधिवाताच्या जुनाट रुग्णांत आणि डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींत हा सांधा सैल असू शकतो, म्हणून भूल देण्यापूर्वी डॉक्टरांना तशी कल्पना द्यावी. लहान मुलांत हा सुळका मणक्याच्या मुख्य भागाशी साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान जुळतो. त्याआधीच्या एक्स-रेमध्ये दिसणारी रेघ म्हणजे मोडलेले हाड असेलच असे नाही.

२२. मूळव्याधीच्या अहवालात 'डेंटेट लाइन' लिहिले आहे. तिथे दात कुठून आले?

तेथील अस्तराच्या घड्यांमुळे गुदमार्गात एक दातेरी रेषा दिसते, तिचे हे नाव आहे. ही रेषा महत्त्वाची आहे, कारण तिच्या वरच्या आणि खालच्या भागांचा चेतापुरवठा वेगळा आहे. रेषेवरचा मूळव्याध रक्त देतो पण बहुधा दुखत नाही, तर रेषेखालचा मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) तीव्र दुखते. दुखत नाही म्हणून रक्तस्रावाकडे दुर्लक्ष करू नये. त्याची इतरही कारणे असू शकतात. मेंदूतील 'डेंटेट' नावाचे भाग आणि बरगड्यांवरचा 'सेराटस' स्नायू यांनाही ही नावे केवळ दातेरी आकारामुळे मिळाली आहेत.

२३. सोनोग्राफीत अंडाशयाच्या गाठीत दात आणि केस असल्याचे सांगितले. हे कसे शक्य आहे?

शक्य आहे, आणि तो दात घडणीच्या कसोटीवर खरा असतो. अंडाशयातील बीजपेशींत शरीराची कोणतीही ऊती घडवण्याची क्षमता असते. त्यांची अवेळी वाढ झाली की त्वचा, केस, चरबी आणि कधी दात असलेली गाठ तयार होते. तिचा गर्भधारणेशी, शरीरसंबंधांशी किंवा करणीशी काडीचाही संबंध नाही. ती अविवाहित मुलींतही आढळते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र मोठी गाठ पिळली गेल्यास पोटात अचानक असह्य दुखते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते, म्हणून गाठ काढायची की तिच्यावर लक्ष ठेवायचे हे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे.

२४. दात डोळ्यात बसवून दृष्टी आणतात, ही बातमी खोटी आहे ना?

ती खरी आहे. इटलीतील नेत्रशल्यविशारद स्ट्रॅम्पेली यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ही शस्त्रक्रिया विकसित केली आणि भारतात ती चेन्नई येथे केली जाते. रुग्णाचाच एक दात, बहुधा सुळा, थोड्या जबड्याच्या हाडासह काढून त्याची चकती करतात, तिला छिद्र पाडून त्यात पारदर्शक नळकांडे बसवतात आणि भोवती रक्तपुरवठा असलेली ऊती वाढावी म्हणून ती काही महिने गालाच्या किंवा पापणीच्या त्वचेखाली ठेवतात. त्यानंतर ती डोळ्याच्या पुढच्या भागात बसवली जाते. दात हा स्वतःच्याच शरीराचा भाग असल्याने शरीर त्याला नाकारत नाही, आणि नळकांडे वर्षानुवर्षे घट्ट धरून ठेवण्याइतका तो कठीण असतो.

रसायनाने भाजल्यामुळे किंवा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममुळे (बहुधा औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेतून होणाऱ्या त्वचा-डोळ्यांच्या आजारामुळे) डोळ्यांचा पृष्ठभाग कोरडा पडून बुबुळ अपारदर्शक झाले असेल आणि नेहमीचे नेत्ररोपण टिकत नसेल, अशा मोजक्या रुग्णांसाठीच हा उपाय आहे. डोळ्याचा मागचा पडदा आणि दृष्टीची नस चांगली असणे आवश्यक असते. काचबिंदूने नस निकामी झालेल्या रुग्णांचे नातेवाईक याविषयी वारंवार विचारतात. त्यांना याचा उपयोग होत नाही.